तिडके काका शोधायला शिकले

५ जून, गुरुवार
वाचनालयातल्या माझ्या गुरुवारच्या वर्गाला आज खुर्च्या कमी पडल्या. म्हणजे पंख्याखालच्या. बाकीच्या रिकाम्याच होत्या.

समितीचे अध्यक्ष दारातून डोकावले. "वाचनालयात बोलायला मनाई आहे ना, मॅडम?" पाटीकडे बोट करून स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. आमच्या गांधीबाग पेठेत लोक आता पुस्तकाआधी मोबाइल उघडतात. त्यात आलेलं खरं की खोटं ते कसं पाहायचं, हे ग्रंथपालानं नाही तर कोणी शिकवायचं? पानठेल्यावाल्यानं?

फळ्यावर चार प्रश्न लिहिले. कोणी लिहिलं. कधी लिहिलं. कशावरून लिहिलं. आपण खरं मानलं तर फायदा कोणाचा. मागून एक बाई म्हणाल्या, "मॅडम, एवढं विचारलं तं ग्रुपमधून काढूनच टाकतील ना!" खरं आहे बाई.

एक नवीन गृहस्थ. तिडके काका. सावनेरकडे संत्र्याची बाग आहे. पोटाच्या दुखण्यासाठी सध्या मुलाकडे राहतात, मुलाचं इथेच कापडाचं दुकान. घरात करमत नाही म्हणून येऊन बसले. वर्ग सुटल्यावर खिशातून नर्सरीची जाहिरात काढली. दोन वर्षांत फळ देणारं संत्र्याचं कलम! "हे खरं का खोटं थे पाहून द्या."
म्हटलं, पाहून देणार नाही. पाहायला शिकवीन.
वाक्य मलाच फार आवडलं. घरी येऊन श्री.लाही ऐकवलं. तो म्हणाला, "बायको शिकवायला लागली की नवऱ्याची पहिली परीक्षा."

१२ जून, गुरुवार
वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर काका एका बोटानं टाइप करतात. प्रत्येक अक्षर सापडलं की माझ्याकडे बघतात. माझे हात शिवशिवतात, पण मागे बांधून उभी राहते.

कृषी विद्यापीठाचं पान त्यांनीच शोधलं. नीट फळ यायला पाच-सहा वर्षं. जाहिरातीतला फोटो मोठा करून पाहिला नि उडालेच. "अरे बाप्पा! हे आपलं संत्रं नाहीच! किनू हाय हा, उत्तरेकडचं फळ!" तिथूनच नर्सरीवाल्याला फोन. "काहून गा, म्हाताऱ्याले फसवून राहिला काय?" अख्ख्या वाचनालयानं ऐकलं. पेपर वाचणाऱ्यांनी चष्मे वर केले. मी गप्प करायला हवं होतं, केलं नाही. फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत एक तरी माणूस शिकला.

आता दुसऱ्या नर्सरीतून कलमं आणणार. खड्डे उन्हाळ्यातच खोदून ठेवलेत. "पाच वर्षं काय मॅडम, अशी जातात. तुमाले संत्र्याची पेटी आणून देतो."

१९ जून, गुरुवार
आजचा विषय औषधं. बायकांनीच मागितला होता. साखरेवर कुठला तरी पाला खा म्हणून सगळ्या ग्रुपवर फिरतं आहे. औषधाचं नाव घालून विश्वासाची पानं कशी शोधायची ते दाखवलं.

सगळे गेले, काका बसून राहिले. हात पुढे केले. तळव्यांची सालं निघालेली, लालबुंद. "मॅडम, हे काहून होऊन राहिलं? सून म्हणते साबणानं होते. मी तं भांडे घासत नाही."
मग खिशातून गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला तुकडा. "मले पाकीट दाखवतच नाही. डबीत काढून देते. हे खाली पडलं होतं. आज जेवायची वेळ झाली, पोरगा वाट पाहते. पुढच्या गुरुवारी शोधू. मीच शोधीन हं. तुम्ही फक्त बाजूला उभ्या राहा."

मला राहवलं नाही. ते जिन्यावरून उतरले नि मी तुकड्यावर वाचलेलं नाव टाकलं.

गोळी कॅन्सरची आहे. पोटाच्या नि आतड्याच्या. तळहात सोलणं हा तिचाच परिणाम. एका पानावर विसंबू नका असं मीच शिकवते, म्हणून दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. आपण चुकीच्या पानावर असावं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

२० जून, शुक्रवार
जेवण गेलं नाही. श्री.ला सांगितलं, नाव न घेता.
"त्यांच्या घरचा मामला आहे. डॉक्टरनं घरच्यांना सांगितलं, घरच्यांनी ठरवलं. तू मधे कोण?"
मी चिडले. म्हटलं, तुला झालं तर तुला सांगू की नको?
त्यानं पेपर मिटला. मग, "नको. म्हणजे... मला माहीत नाही गं." उठून कुंड्यांना पाणी घालायला गेला. सकाळीच घातलं होतं.

२१ जून, शनिवार
काकांचा मुलगा आला. प्रवीण. काकांनीच घरी उत्साहानं सांगितलंय, गुरुवारी मॅडमकडे गोळीचं सगळं शोधणार आहे म्हणून.

उभ्या उभ्याच बोलला. "मॅडम, बाबाले अल्सर आहे म्हणून सांगितलं आम्ही. तुम्ही काही शोधू देऊ नका."
म्हटलं, त्यांचं दुखणं त्यांना माहीत नको?
"माह्या मोठ्या काकाले, बाबाच्या भावाले, कॅन्सर आहे म्हणून सरळ सांगितलं होतं. त्याच दिवशी ताट बाजूला सारलं त्यानं. भिंतीकडे तोंड करून झोपला तो झोपलाच. रोगानं नंतर नेलं, आधी बातमीनं नेलं. बाबा आता कलमं आणायच्या गोष्टी करून राहिले. त्याच्यावरच जगून राहिले मॅडम."
त्याचे डोळे भरले. इतका मोठा दुकानदार, रॅकमधल्या पुस्तकांकडे बघत रडत होता. मला त्याचा राग धरता येईना.
म्हटलं, मी खोटं सांगणार नाही.
"खोटं नका सांगू. नेट बंद आहे म्हणा."
 मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मलाही कळलं नाही. त्यानं हो धरलं नि गेला.

२६ जून, गुरुवार
नेटची तार मीच काढली.
"नेट बंद आहे काका."
"बरं."
एवढंच म्हणाले. पंख्याखाली जागा होती तरी मागे जाऊन बसले.

एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "काका, माह्या मोबाइलवर शोधून देऊ?"  काका म्हणाले, "नाही गं पोरी. मॅडमपाशीच शोधीन."
फळ्यावरच शिकवलं. चौथा प्रश्न, फायदा कोणाचा. काही विकणारे, मतं मागणारे, घाबरवणारे, सगळी उदाहरणं झाली. काकांनी हात वर केला. "आणि सांगणाऱ्याचा काहीच फायदा नसला तं? उलटा त्यालेच त्रास, तरी खोटं सांगत असला तं?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, आजचा वर्ग संपला.

लाज वाटते आहे. खोटं कसं ओळखायचं हे शिकवायला उभी राहिले नि वर्गातली सगळ्यात मोठी थाप माझीच.

२८ जून, शनिवार
दिवसभर डोक्यात एकच. पोट त्यांचं, हात त्यांचे, शेत त्यांचं. तेवढे एक सोडून सगळ्यांना माहीत. डॉक्टरला, मुलाला, सुनेला. आता मला. उद्या दूधवाल्यालाही असेल.
पण त्यांनी ताट बाजूला सारलं तर? ते ताट मग कोण पुढे करणार, मी? मी तर गुरुवारची मॅडम. शिकवून मोकळी.

प्रवीणला फोन केला. पुन्हा नेट बंद म्हणणार नाही, तुम्हीच घरी नीट बसवून सांगा. तुम्ही जवळ बसून सांगाल ते वेगळं, पडद्यावर वाचलं तर वेगळं.
"आमच्यानं होत नाही मॅडम."
म्हटलं, मग त्यांना शोधू द्यावं लागेल.
"मग तुमचा वर्गच बंद करा ना! अध्यक्षसाहेबांशी बोलतो मी." फोन आपटला. दोन मिनिटांत परत त्याचाच. "रागात बोललो. माफ करा." एवढं बोलून ठेवला.

१ जुलै, मंगळवार
अध्यक्ष काही बोलले नाहीत. म्हणजे प्रवीण बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. वर्ग त्यांनी बंद केला असता नि मला नशिबाला दोष देता आला असता. इतकी भित्री आहे मी हे माहीत नव्हतं.

३ जुलै, गुरुवार
तार जागेवर. काका वर्गाच्या बरेच आधी आले. खुर्ची ओढली, तुकडा काढला, एकेक अक्षर टाइप करायला लागले. मी बाजूला उभी. ठरल्याप्रमाणे.

नाव पूर्ण झालं. बोट बटणावर आलं नि थांबलं.
"मॅडम, तुम्ही हे आधीच पाहिलं ना?"
मी पडद्याकडे पाहिलं.
"पाहिलं ना?"
"हो काका."
"वाटलंच. त्या दिवशी नेट बंद म्हणाल्या, तं माह्याकडे पाहिलंच नाही तुम्ही. घरी बी सून डबी देते तं माह्याकडे पाहत नाही." हसले. "तुमाले खोटं जमत नाही. त्याइले बी जमत नाही. पण लेकरं लपवायले इतकी मेहनत करून राहिली, त्याइची मेहनत काहून वाया घालू?"

मला रडू यायला लागलं. रागही आला, कोणाचा ते कळेना. म्हटलं, काका, तुमचा हक्क आहे, दाबा बटण. मी इथेच आहे.
त्यांनी मान हलवली. एकेक करून सगळी अक्षरं पुसली. टाइप करायला लागला तेवढाच वेळ पुसायला लावला.
"नाही. मले रोगाचं नाव नाही पाहिजे. मले एकच पाहिजे. सोमवारी कलमांची गाडी येऊन राहिली. पाच-सहा वर्षांचं काम आहे. तुम्ही वाचलं आहे सगळं. तुम्ही सांगजा, उतरवून घेऊ का वापस पाठवू? तुम्ही म्हणाल थे करतो. घरच्यांवर नाही भरोसा, थे मायेनं बोलतात."
म्हटलं, काका, असं कुठल्याच पानावर लिहिलेलं नसतं.
"म्हणून तं तुमाले विचारतो."

मग लोक आले. वर्ग घेतला. काय शिकवलं आठवत नाही. काकांनी पहिल्या ओळीत बसून सगळं लिहून घेतलं.

४ जुलै, शुक्रवार
श्री.ला सगळं सांगितलं, आता नावासकट. या खेपेला मधे कोण म्हणून विचारलं नाही. "लाव म्हण," म्हणाला. मग म्हणाला, "पण तो माणूस तुझ्या शब्दावर पैसा घालेल, कष्ट घालेल, नि..." वाक्य सोडून दिलं.
लाव म्हटलं तर तुम्ही बरे व्हाल असा अर्थ. पाठव म्हटलं तर सगळंच सांगितल्यासारखं. मधलं उत्तर शोधते आहे, सापडत नाही.

६ जुलै, रविवार
दुपारी काकांचा फोन. उचलला नाही. वाजून थांबला तेव्हा स्वतःचाच इतका संताप आला की लगेच उलटा लावला.
"बोला मॅडम."
काय सांगायचं ते ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "काका, खड्डे किती खोल केलेत?"
मग ते बोलतच सुटले. तळाला शेणखत, वर निंबोळी पेंड, पाणी साचू नये म्हणून उताराकडे चर. सालदार गडी कसा आळशी, खड्डा निम्माच करून बसला नि यांनी तिथेच ठाण मांडून परत करून घेतला. मधे दम लागला, थांबले, पुन्हा सुरू. आवाज इतका खुशीत होता. मी हं हं करत राहिले. ते बोलत राहावेत एवढंच वाटत होतं.
संपलं त्यांचं.
"तं मग, काय म्हणता?"
मी म्हटलं, काका...
तिकडून सुनेनं हाक मारली, गोळीची वेळ झाली म्हणून. "आलो वं," म्हणाले. मग मला, हळू आवाजात, "गाडीवाला उद्या सकाळी मले इचारल्याशिवाय निघत नाही. त्याच्या आधी मी तुमाले फोन करतो. तुम्ही उचलजा."
उचलीन, म्हटलं.