पोत्याच्या तळाचा माल

बरकतपुरा, हैदराबाद
गुरुवार, ६ ऑगस्ट १९९८

प्रिय चारूबाई रुसूबाई,

फोनवर तू येत नाहीस, म्हणून कागद-पेन घेऊन बसले आहे. सकाळी फोन केला की तुझी वंदनामामी सांगते, चारू अंघोळीला गेलीय. दुपारी केला तरी अंघोळीला, रात्री केला तरी अंघोळीलाच. नांदेडचं पाणी संपवूनच येणार आहेस का गं? बरं, हे पत्र तुझं तूच वाचायचंस. मराठी वाचायला तुला अर्धा दिवस लागतो हे मला ठाऊक आहे, इंग्लिश मीडियमचे लाड आम्हीच केले. म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढते आहे. एखादं जोडाक्षर अडलं तर अडू दे, सोडून पुढे जा. पण मामीकडून वाचून घेऊ नकोस. मामी स्वभावाने सोनं आहे, पण तिच्या पोटात एक गोष्ट राहत नाही, आणि यात एक गोष्ट अशी आहे की ती अजून तुझ्या बाबांनाही माहीत नाही.

तू गेल्यापासून घर कसं आहे म्हणशील, तर शांत आहे. इतकं शांत की मी मुद्दाम भांडी आपटते. त्या रात्री तुम्ही दोघं जे तोंडाला येईल ते बोललात, ते मी काही पुन्हा उगाळत नाही. बाबा म्हणाले, आपल्या सात पिढ्या चिखलात गेल्या, तुझ्या आजोबांनी त्यातून पाय काढून बेगम बाजारात मिरची-हळदीची गादी टाकली, आणि तू शेतकीचं कॉलेज करून पुन्हा चिखलात उतरणार. तू म्हणालीस, मग मिरची काय बेगम बाजारात उगवते? उत्तर चोख होतं, पण वेळ चुकली. बाप जेवत असताना असं बोलू नये, आणि बोललीस तर निदान भात वाढून झाल्यावर तरी. ताट तसंच राहिलं, आणि सकाळी तू बॅग घेऊन मामाकडे. डॉक्टरकीचा नंबर थोडक्यात हुकल्याचं दुःख मला नव्हतं, तुलाही नव्हतं. बाबांना होतं. त्यावर त्यांनी आपल्या मनानेच औषध काढलं की चारूने साधं बी.कॉम. करावं, बरोबर अमीरपेटला कॉम्प्युटरचा कोर्स करावा, आणि शेजारच्या सुनीताबाईंच्या परागसारखं अमेरिकेला जावं. परागने काय केलं, तो तिकडे काय करतो, हे सुनीताबाईंनाही धड सांगता येत नाही. दोन हजार साली जगातले सगळे कॉम्प्युटर एकदम बिघडणार आहेत म्हणे, आणि ते दुरुस्त करायला आपल्या गल्लीतली पोरं चालली आहेत. मी म्हटलं, बिघडणारच आहेत तर आत्ता शिकून करायचंय काय? त्यावर मला गप्प बसवण्यात आलं.

पण तुझ्या बाबांची एक सवय तुला माहीत आहे. चाळीस पोत्यांचा ढीग समोर असू दे, विकणारा सख्खा साडू असू दे, ती लोखंडी परखी पोत्याच्या पोटात खालपर्यंत खुपसून तळाची मिरची बाहेर काढल्याशिवाय ते सौदा करत नाहीत. पोत्याच्या तोंडाशी माल चांगलाच रचलेला असतो, असं त्यांचं ठाम मत. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, तयार हो, अमीरपेटला जायचंय, पोरीसाठी कोर्स बघून येऊ. मी म्हटलं, मी कशाला? तर म्हणाले, एकट्याला तिथं बावळटासारखं वाटेल. म्हणजे दोघं मिळून बावळट दिसायचं ठरलं. आता ऐक. तिथे प्रत्येक क्लासात पहिला दिवस फुकट शिकवतात, त्याला डेमो म्हणतात. बाबांना ही पद्धत इतकी आवडली की आम्ही एक सोडून पाच ठिकाणचे डेमो केले. बिल्डिंगच्या दारात अमेरिकेला गेलेल्या पोरांचे फोटो लावलेले असतात, तिकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. म्हणायचे, हा पोत्याच्या तोंडचा माल. सरळ मागच्या जिन्यात जायचे. तिथे पोरं चहा पीत बसलेली. त्यांच्यात उकिडवे बसून आपल्या दुकानातल्या भाषेत विचारायचे, क्या मियाँ, नौकरी लगी क्या नै? एक सांगायचा, हा माझा तिसरा कोर्स. दुसरा सांगायचा, हा संपेपर्यंत नवीनच काहीतरी निघतं, अंकल. एकाला खरंच बंगळूरला छान नोकरी लागली होती, पण मधे दोन वर्षं त्याचे फार हाल झाले होते. बसमध्ये बसल्यावर बाबा म्हणाले, माल खोटा नाही, पण तळाला काडीकचरा बराच आहे. 

आता माझी गंमत. त्या कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात, देवळासारख्या. आत जाड पडदे आणि एसी असा की फरशीवर पाय ठेववत नाही. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. बाबांनी डोळे वटारले, मी घेतलेच. पहिल्या डेमोला मला काही कळलं नाही. दुसऱ्याला वाटलं, थोडं कळतंय की काय. तिसऱ्या ठिकाणी एक मिसरूड फुटलेले सर होते, तेलुगू-हिंदी-इंग्लिश सगळं एकाच वाक्यात बोलणारे. ते सांगत होते, एकच काम कॉम्प्युटरकडून पुन्हापुन्हा कसं करवून घ्यायचं, आणि त्याला थांबायचं कधी हे आधीच कसं सांगून ठेवायचं. चारू, मला एकदम माझ्या क्रोशाचं तोरण दिसलं. पाच साखळ्या, एक खांब, पाच साखळ्या, एक खांब, कड येईपर्यंत हेच, आणि कड आली की वळायचं. सरांनी विचारलं, कुठे थांबायचं हे सांगितलंच नाही तर काय होईल? पोरं आपापल्या वह्यांत बघायला लागली. आणि माझ्या तोंडातून मोठ्याने निघून गेलं, बुनतेच बैठेगा! सगळा क्लास हसला. मीही हसले, काय करणार. सरही हसले, आणि मग म्हणाले, आंटी बरोबर बोलतायत, ते विणतच बसेल. बाबांनी आधी मला कोपराने ढोसलं होतं. नंतर मान वळवून माझ्याकडे बघत राहिले. बसस्टॉपवर मी न मागता त्यांनी मिरची-भजी घेऊन दिली. बसमध्ये मी पाय चोळत म्हटलं, शिक्षण राहिलं बाजूला, माझे पाय गोठले. त्यांनी वाकून एकदा माझ्या पायांकडे पाहिलं.

तुला मी कधी सांगितलं का गं, की मीही नांदेडला सायन्सला होते? एकच वर्ष. गणितात मला मजा यायची. गणिताची मास्तरीण होईन असं मी मैत्रिणींना सांगत फिरायचे. मग हैदराबादचं स्थळ आलं. तुझे नांदेडचे आजोबा म्हणाले, असं स्थळ पुन्हा येणार नाही, आणि मला कोणी काही विचारलंच नाही. मी रडले-बिडले नाही हो. स्थळ खरंच चांगलं होतं, आणि तुझे बाबा तेव्हा दिसायला बरे होते. पण त्या थंडगार खोलीत, पाय वर घेऊन बसलेली असताना, मला त्या वर्षाची आठवण आली, आणि इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली. आलो होतो लेकीसाठी, आणि आईच हरखून बसली.

बाबांचं पुढचं सांगायचं राहिलं. गेल्या रविवारी स्कूटर काढली आणि एकटेच गेले. कुठे ते सांगितलं नाही. संध्याकाळी आले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. मी म्हटलं, पडलात का? तर नाही म्हणे. धुवायला पँट घेतली तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. राजेंद्रनगरला, तुझ्या त्या शेतकीच्या कॉलेजात गेले होते. ऑफिसकडे फिरकले नाहीत, थेट मागच्या शेतात. सुट्टीच्या दिवशीही चार-पाच पोरं-पोरी चिखलात भाताची रोपं लावत होती. बाबांनी बांधावरून आपली परखी सुरू केली, पस्तावा होतो का, नोकरी लागेल का, घरचे काय म्हणतात. कर्नूलची कोणी एक पोरगी होती. तिने दोरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, अंकल, ओळ सरळ यायला पाहिजे, धरा, मग विचारा. आणि हे उतरले! तासभर दोरी धरून उभे होते. सात पिढ्यांच्या नावाने एवढं बोलले, आणि स्वतः बूट काढून उतरले. त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मी विचारलं, मग, कसा वाटला माल? बराच वेळ बोटाने ताटात रेघा ओढत बसले. मग म्हणाले, तळाचाही चांगला आहे.

मला वाटलं, संपलं भांडण. कुठलं संपतंय! दुसऱ्या दिवशी दुकानातून आले ते पुन्हा तेच घेऊन. समोरच्या हळदवाल्या शेठने कॉम्प्युटर घेतलाय. त्याला रोज कुंकू लावतो, वर प्लास्टिकचं कव्हर घालतो, आणि चालवायला कोणी नाही म्हणून तसाच ठेवलाय. बाबांच्या डोक्यात बसलंय की पुढे सगळा व्यापार त्याच्यावरच चालणार, आणि आपल्या घरात एक तरी माणूस ते जाणणारं हवं. नाहीतर पाच वर्षांनी पोरगीच मला बोल लावेल, म्हणतात. मी खूप सांगून पाहिलं. त्यांना तुझं वाईट करायचं नाहीये गं, त्यांना भीती वाटते. जग एवढं भरभर बदलतंय, आणि त्यात आपलं मूल मागे पडलं तर, ही ती भीती. तू लहान होतीस तेव्हा चारमिनारच्या गर्दीत तुझा हात सुटला होता, तेव्हा त्यांचं तोंड असंच झालं होतं. हे मला दिसतं, तुला दिसत नाही. तुझा काही दोष नाही त्यात.

तर आता ती गोष्ट. मी मंगळवारी कोठीच्या बाजारात दोरा आणायला म्हणून गेले, आणि तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये माझं नाव घालून आले. बायकांची सकाळची बॅच आहे, येत्या सोमवारपासून, सात वाजता. फी कुठून आली ते विचारू नकोस. बुधवारी पुन्हा दोरा आणायला गेले आणि कीबोर्डचं चित्र छापलेला कागद घेऊन आले. तो पोळपाटाखाली ठेवते आणि पोळ्या झाल्या की त्यावर बोटं चालवते. आजही दोरा आणायला गेले होते. दोरा अजून आणलेला नाही, आणि टीव्हीचं क्रोशाचं कव्हर तसंच अर्धवट लटकतंय. घरात एक कॉम्प्युटरवाली पाहिजे ना? मग ती मी होते. तू तुझ्या मातीत जा. पण हे त्यांना सांगायचं धैर्य मला होत नाहीये, चारू. एक्केचाळीस वर्षांची बाई, सकाळचा स्वयंपाक टाकून शिकायला जाणार म्हटल्यावर काय म्हणतील? म्हणून हे पत्र. तू ये आणि माझ्या बाजूला उभी राहा. तुझं बिनसलं तेव्हा तू माझ्या भावाकडे पळालीस. माझं बिनसलं तर मी कुठे पळू? तिथे तर आधीच तू आहेस.

एवढं लिहून झालं आणि दाराची कडी वाजली, म्हणून पत्र उशीखाली सरकवलं होतं. आता रात्रीची जेवणं झाली आहेत, पुढचं लिहिते. बाबा आले, हातातली कागदाची पुडी ओट्यावर ठेवली, आणि बाजारात दिसले, घेतले, एवढंच म्हणून हातपाय धुवायला गेले. मी उघडून पाहिलं. तपकिरी रंगाचे, जाड, अंगठा वेगळा असलेले मोजे. असले मोजे तू मेलीस तरी घालणार नाहीस, ते या घरात मी एकटीच घालते. मी हातात धरून बघतच राहिले. तेवढ्यात मोरीतूनच आवाज आला, त्या क्लासात फरशी रोजच एवढी गार असते, की फक्त डेमोच्या दिवशी? आणि काय गं, कोठीत दोरा मिळायचा बंद झाला का? मी ओट्यापाशी उभी राहून रडले, आणि हसतही होते, दोन्ही एकदमच. बाहेर येऊन टॉवेलने तोंड पुसता पुसता म्हणाले, घरात एक झाली कॉम्प्युटरवाली, तेवढी बास, आता पोरीला बोलाव. आणि पान वाढ म्हणाले.

तेव्हा मामाला सांगून रविवारच्या गाडीत बस. अंघोळ इथे येऊन कर. शेतकीच्या प्रवेशाचं काउन्सेलिंग बुधवारी आहे. बाबा स्कूटरवरून घेऊन जातील, आणि नंतर शेत दाखवणार आहेत म्हणे, म्हणून जुन्याच चपला घाल. मला काही तुमच्याबरोबर येता येणार नाही. बुधवारी माझा क्लास आहे.

तुझीच,
मोजे घालून बसलेली आई