भातावरचे काळे तीळ

शनिवार, संध्याकाळ

परवा ह्यांची बायपास. त्याआधी जरा विरंगुळा म्हणून लेकीने आम्हाला गंगापूर रोडच्या महागड्या जपानी हॉटेलात नेलं. शाकाहारी सुशी आली. भाताचे पांढरे गोळे, वर काळे तीळ. माझा हात थांबलाच. रामकुंडावर हे रोज यजमानांकडून पिंडदान करवतात; असाच भात, असेच तीळ. ह्यांच्या लक्षात आलं नसेल?

लेक म्हणाली, "बाबा, घ्या ना."

ह्यांनी माझी ताटली ओढली, नखाने एकेक तीळ काढला आणि म्हणाले, "आता खा." स्वतःचा गोळा मात्र तिळांसकट तोंडात टाकला.

घरी आल्यापासून तेच डोळ्यांपुढे. स्वतःचे तीळ का नाही काढले? विचारायला जीभ रेटत नाही.