दहा गोळ्या, अकरा भोकं

तीर्थरूप दादांना धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला का? आम्ही खुशाल आहोत, म्हणजे जेवतो-झोपतो आहोत, बाकी डोक्याचं पार भजं झालं आहे. तुम्ही पस्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलंत, म्हणून हे गणित तुमच्याच गळ्यात घालतो. (काम असल्याशिवाय मी पत्र लिहीत नाही, हे वहिनींचं म्हणणं मान्य.)

आमच्या पोलीस खात्यात वर्षातून एकदा चांदमारी असते, म्हणजे नेमबाजीची परीक्षा. समोर कागद, हातात पिस्तूल, गोळ्या दहा. कागदावर कुठेही सहा लागल्या की पास. आता मी अठरा वर्षं रेकॉर्डरूममध्ये. आजवर मी मारलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे झुरळ, तेही फाईल आपटून. (लोकांना वाटतं पोलिसाचा नेम पळता पळताही लागतो. अहो, श्वास रोखून उभं राहिलं आणि समोरचा कागद जागचा हलत नसला तरी लागत नाही. त्या दिवशी बँकांचे रखवालदार आणि परवान्याचं पिस्तूल बाळगणारे एक सराफही आले होते. सराफांनी पहिली गोळी झाडली, पिस्तूल हळूच खाली ठेवलं आणि बायकोला फोन लावला.) गेली दोन वर्षं मला दोन आणि तीन लागल्या. तिसऱ्यांदा नापास झालो की रेकॉर्डरूम सुटणार आणि ही पाठ घेऊन मुख्यालयाच्या फाटकावर आठ-आठ तास उभं राहायचं. तुमची बारकी माझ्याकडे राहून माझ्याच ठाण्यात शिपाई आहे, तिला जायचं होतं संरक्षण पथकात. त्याला आठ लागतात. सरावात ती दहाला दहा मारते, त्यामुळे तिची काळजी कोणालाच नव्हती.

माणसं कमी, म्हणून कागदांवर नावं घालून ते फळ्यांना चिकटवायचं काम उस्तादांनी माझ्यावर टाकलं. (उस्ताद म्हणजे हत्यारं शिकवणारे हवालदार. बोलतात कमी, बघतात जास्त.) मग मी ओळीत भिंतीकडच्या टोकाला उभा राहिलो, शेजारी बारकी. दोन्ही डोळे उघडे ठेवा असा हुकूम होता. मी ठेवले, पण पहिल्या आवाजाला त्यांनी माझं ऐकलं नाही. दहा गोळ्या झाडून दहा रिकाम्या पुंगळ्या मोजून परत केल्या. उस्तादांनी सगळे कागद गोळा केले, टेबलावर मांडले आणि माझ्या कागदाशी अडकून बसले. एकदा बोटाने मोजलं, एकदा पेन्सिलीने. माझ्या दहा गोळ्यांची भोकं अकरा होती. चार मधोमध, सात वाटेल तिथे. बारकीच्या कागदावर सहाच, आणि तीही कडेकडेने.

कोणी म्हणालं, गोळी हवेत दुभंगली. कोणी म्हणालं, कागदाला आधीच वाळवी होती. कारकुनाची अडचण वेगळी, दहापैकी अकरा लिहायला त्याच्याकडे रकाना नव्हता. मी खरंच काही मारलं असेल, ही शंका मात्र एकालाही आली नाही. खोटं कशाला बोलू, मलाही आली नाही. साहेबांनी दोघांचा निकाल अडवून माझ्याकडून तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला. खुलासा कशाचा करायचा हेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बारकी कांदा चिरता चिरता म्हणाली, “काका, त्या मधल्या चार माझ्या. तुम्हाला दरवर्षी दोन-तीन लागतात. म्हटलं, चार आपण टाकू.”

“आणि तुझं पथक?”

“पथक पुढच्या वर्षीही असेल. तुम्हाला फाटकावर याच वर्षी उभं करतील.”

दादा, मला भरून आलं. मग राग आला. आणि मग, सांगायला लाज वाटते, मनातल्या मनात वजाबाकी झाली. अकरातून चार गेल्या की सात. म्हणजे मी आपला आपणच पास होतो आणि पोरीने हातचं पथक फुकट घालवलं. खरं लिहावं तर दुसऱ्याच्या कागदावर गोळ्या मारल्या म्हणून तिच्यावर कारवाई, गप्प बसावं तर पथक गेलंच. इकडे आड तिकडे विहीर. रात्रभर कूस बदलली आणि सकाळी खुलासा लिहिला, की कागदांवर नावं घालताना माझ्या हातून अदलाबदल झाली. अकरा भोकांचा कागद तिचा, त्यातलं एक भोक माझ्या वाट चुकलेल्या गोळीचं, आणि सहा भोकांचा कागद माझा. तिला दहा, मीही पास. साहेबांनी दोन ओळी वाचल्या, “यांच्याच हातून होणार हे,” म्हणाले आणि सही केली. इतक्या पटकन विश्वास बसेल असं वाटलं नव्हतं. थोडं वाईटही वाटलं.

वहिनींना नमस्कार. पोरीला रागावू नका.

तुमचा धाकटा

ता. क. बारकी सोमवारी पथकात रुजू होते. गुडघा परवानगी देईल तर या.

ता. क. दुसरा. एक शंका डोकं खाते आहे. बारकीची गोळी सरावात कधी कडेला लागली नाही, कडेला मारायची सवय माझी. मग तिच्या कागदावरच्या कडेच्या सहा कोणाच्या? मी तिच्याच कागदावर मारत होतो का? आणि तिने चार म्हणत दहाच्या दहा माझ्या कागदावर टाकल्या, वर त्यातल्या काही मुद्दाम वाकड्या, म्हणजे माझ्या वाटाव्यात? तिला विचारायचं धाडस होत नाही, तुम्हीही विचारू नका.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. दोन्ही कागदांवर मिळून भोकं सतरा. पोरीच्या दहा वजा केल्या की कुठल्याही वाटेने गेलं तरी माझ्या सातच उरतात. मग त्या कोणाच्याही कागदावर असोत. हे इथे कोणाला सांगता येत नाही, आणि सांगितलं तरी घरातही कोणाला पटायचं नाही. तुम्ही मास्तर आहात. ताळा करून पोस्टकार्डावर मोठ्या अक्षरात ‘सात बरोबर’ एवढं लिहा आणि खाली सही करा. कपाटाच्या दाराला आतून लावीन.