स्लॅबखाली राहिलेलं बोलणं

नवागाम, सुरत
दि. २० नोव्हेंबर १९९६

ती. आक्का यांच्या चरणी,
योगिताचा साष्टांग नमस्कार. वि. वि. आम्ही तिघं इथे आहोत. 'सुखरूप' लिहिणार होते, पण तुम्ही मजकुराआधी अक्षर वाचता, म्हणून नुसतं 'आहोत' लिहिलं.

भाऊबीजेला हे आले नाहीत. तुम्ही ओवाळणीचं ताट मांडून स्टँडवर माणूस पाठवत राहिलात, हे सखाराममामांकडून कळलं. आक्का, यांनी पिशवी भरली होती, गाडीतही बसले होते. पण कंडक्टरनं दार ओढलं तसे लोकांना ढकलून खाली उतरले आणि पायी घरी आले. फोन करावा तर एसटीडीच्या काचेच्या खोक्यात यांना शिरवत नाही, आणि मी शिरले तर बाहेरून काच वाजवत राहतात.

ऑगस्टमध्ये मागांच्या कारखान्याचा स्लॅब पडला तेव्हा तुम्ही येऊन गेलात. पाय जुळला, टाके सुकले, सगळे म्हणाले की गजेंद्र वाचला. मलाही तसंच वाटलं होतं. पण आमच्या खोलीला एकच दार आणि ते आता लावता येत नाही. कडीचा आवाज झाला की यांना घाम फुटतो, श्वास पुरत नाही. थंडी असो, पाहुणे असोत, दार उघडं. अख्खी चाळ आमचं जेवण बघते, आमचं भांडण बघते. अंघोळीला मी शेजारच्या इंदुबाईकडे जाते. हे ओट्यावर निजतात, आणि मी आत निजले तर हाका मारून मला बाहेर बोलावतात.

लोकांना वाटतं मागांच्या खडखडाटाचा त्रास होत असेल. उलटं आहे. शेजारचे माग चालू असले की हे बरे असतात. वीज गेली, सगळं शांत झालं, की उठून छताकडे बघतात. त्या दिवशीही आधी वीज गेली होती, एवढं एकदा बोलले. यांच्यासोबत स्लॅबखाली सापडून गेलेल्या भटूभाऊंचं नाव काढलं तर उठूनच जातात.

मला खरी काळजी वैशालीची आहे. तिची शाळा दुमजली. छत पडेल या भीतीनं हे भर वर्गात जाऊन तिला घरी घेऊन येतात. बाई म्हणाल्या, असंच चाललं तर नाव कमी करावं लागेल. पोरगी उंबऱ्यावर बसून पाढे म्हणते, आणि मी तिच्याकडे बघून भाकरी थापते. स्लॅब यांच्यावर पडला, आक्का, पण खाली आम्ही तिघंही आहोत.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची
योगिता


पारोळा
दि. ५ डिसेंबर १९९६

चि. सौ. योगिता हीस,
मालतीचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखंच आहे, चष्मा लावूनही डोळे दुखले. आता ते अक्षरानं दुखले की कशानं, ते तू ठरव.

रागावले होते, आता नाही. आई गेली तेव्हा गजू एवढासा होता. माझ्या पदराची गाठ बोटात धरून झोपायचा. त्याला तिथे उघड्यावर का निजवतेस? घेऊन ये इकडे. इथले भगत म्हणतात, भटूचा जीव त्याच्यात अडकला आहे, उतारा केला की सुटेल. करून बघायला काय हरकत आहे?

भटूची आई, शांताबाई, बाजाराच्या दिवशी माझ्याकडे येते. पाणी पिते आणि विचारते, माझ्या भटूला फार लागलं होतं का ग. मी सांगितलं आहे की तो जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंच नाही. तिला तेवढाच आधार. तुम्हीही कुणी विचारलं तर हेच सांगा.

वैशूला पापा. पत्राला उशीर केलास तर मीच येऊन उभी राहीन.
तुझी
आक्का


नवागाम, सुरत
दि. १९ जानेवारी १९९७

ती. आक्कांना योगिताचा साष्टांग नमस्कार. वि. वि. भगताकडे आणलं नाही म्हणून रुसू नका. पायाच्या डॉक्टरांनी आम्हाला सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. बाई आहेत, गुजराती, सगळे त्यांना डॉक्टरबेन म्हणतात. मला वाटलं वेड्यांच्यात नेऊन बसवतील. पण हे खोलीत शिरेनात, तर त्या स्वतःच खुर्ची उचलून बाहेर लिंबाखाली आल्या.

पहिल्यांदा नुसत्या झोपेच्या, जेवणाच्या गोष्टी. मग म्हणाल्या, त्या दिवशी काय झालं ते डोळे मिटून सांगा, आत्ता होतंय असं सांगा. हे हिंदीत सांगू लागले आणि दोन वाक्यांत थांबले. तेव्हा डॉक्टरबेन म्हणाल्या की घरी बोलता तसं बोला, मला एखादा शब्द नाही कळला तरी चालेल. मग अहिराणीत आलं, आक्का. धरणाचं दार उघडावं तसं आलं. मी शेजारीच बसून सगळं ऐकलं.

तुम्हाला लिहू की नको, असं झालं आहे. भटूभाऊ जागच्या जागी गेले नाहीत. दोघं दोन बाजूंना अडकले होते, एकमेकांना दिसत नव्हते, हात पोचत नव्हता, पण आवाज पोचत होता. भटूभाऊ पहाटेपर्यंत बोलत होते.

घरी येताना हे रस्त्यात ओकले. मी दुसऱ्या खेपेला डॉक्टरबेनशी भांडले की माणूस उभा राहत होता, तुम्ही त्याला परत पाडलात. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या लक्षात आलं का, ते सांगताना नेहमी अंधारातच थांबतात, बाहेर काढल्याचं सांगतच नाहीत. त्यांचं मन अजून खालीच आहे. रोज तिथून पळायला बघतं आणि रोज तिथेच राहतं. पुन्हापुन्हा सांगत आपण त्यांना उजेडापर्यंत आणायचं. त्याबरोबर घरी अभ्यास दिला आहे. दार थोडं लोटायचं, घाबरं वाटलं तरी लगेच उघडायचं नाही, भीती आपणहून उतरेपर्यंत थांबायचं. काल लोटलं तेव्हा यांनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचली. पण थांबले.

राग आला तरी पत्र लिहा.
योगिता


पारोळा
दि. २ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. योगिता हीस आशीर्वाद.
तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. बंद कर ते सांगणं. जखमेवर खपली धरली ती कशाला काढायची? तुझी डॉक्टरबेन शिकलेली असेल, पण तिनं गजूला अंगाखांद्यावर वाढवलं नाही.

आणि मी शांताबाईला आता काय तोंड दाखवू? काल ती आली होती. मी चहा केला आणि चुलीपाशीच बसून राहिले, तिच्याकडे बघवेना. एवढं मात्र कळव, पहाटेपर्यंत भटू काय बोलत होता?

माझं बोलणं मनावर घेऊ नकोस, पण पत्रातून काढूनही टाकू नकोस.
आक्का


नवागाम, सुरत
दि. २७ मार्च १९९७

ती. आक्कांना साष्टांग नमस्कार. वि. वि. तुमचं बोलणं पत्रातही ठेवलं आहे आणि मनातही. मधे एक आठवडा हे दवाखान्यात गेलेच नाहीत. शेजारच्या मागांची रात्रपाळी चालू असताना वीज गेली आणि हे कुणाशी न बोलता कामरेजच्या रस्त्यानं चालत सुटले. शेतात बसलेले सापडले. मी तेव्हा ठरवलं होतं की सामान बांधून तुमच्याकडेच यावं. पण दुसऱ्या दिवशी हेच म्हणाले, चल डॉक्टरबेनकडे.

आता ते दवाखान्याच्या खोलीत बसतात, दार अर्धं लोटून. सांगता सांगता एकदा स्लॅब उचलल्यापर्यंत आले, तोंडावर ऊन आलं ते सांगितलं आणि मुलासारखे रडले. वैशाली शाळेत जाते. हे समोरच्या चहाच्या लारीवर (हातगाडीला इथे लारी म्हणतात) बसून शाळेच्या छताकडे बघत राहतात, पण तिला आणायला आत जात नाहीत. घर मात्र अजून उघडंच आहे. चाळीतल्या बायका विचारतात, अजून किती दिवस? मला माहीत नाही.

तुम्ही विचारलंत भटूभाऊ काय बोलत होते. पाण्याचं, घराचं, पगाराचं, असं बरंच सांगितलं यांनी. पण पहाटेचं एक बोलणं दर वेळी गाळतात. डॉक्टरबेनच्याही लक्षात आलं, पण त्यांनी ओढून काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, ते भटूचं आहे, माझं नाही. आणि परवा आपणहून म्हणाले, शांताबाईकडे जाऊन येतो. डॉक्टरबेननं विचारलं, जमेल का? तर म्हणाले, नाही जमलं तर परत येईन. ड्रायव्हरच्या मागची जागा धरून येतील. आक्का, तुम्ही तिथे जवळ राहा.

योगिता


पारोळा
दि. १४ एप्रिल १९९७

चि. सौ. योगिता हीस मालतीचे पोटभरून आशीर्वाद.
गजू पोचला. गाडीतून उतरला तेव्हा शर्ट पिळून काढावा असा भिजलेला, पण पोचला. घरात यायला तयार नव्हता, अंगणातच पाणी प्यायला आणि म्हणाला, आधी तिकडे जाऊ.

शांताबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. भटूची बायको सोनाली दाराशी उभी होती. गजू म्हणाला, वहिनी, तुम्ही आत जा. ती हलली नाही. मग त्यानं डोळे मिटले आणि सुरुवात केली. भटू जागच्या जागी गेला नाही, हे ऐकल्यावर शांताबाईनं माझ्याकडे पाहिलं. योगिता, एवढ्या वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. पण ती गजूला थांब म्हणाली नाही.

पहाटेपाशी येऊन गजू अडला. मी म्हणणार होते, राहू दे बाबा. तेवढ्यात तो म्हणाला की शेवटी भटू कुणा रतनला हाका मारत होता. रतन, आठे ये. रतन, आठे ये. इकडे ये, इकडे ये, आवाज बंद होईपर्यंत तेच. मी कुणाला बोललो नाही, म्हणाला, मेलेल्या माणसाच्या नावाला डाग लागायला नको, वहिनींना दुःख नको. सोनालीनं दाराची चौकट धरली. रतन ही भटूची कुणी दुसरी बाई, आम्ही सगळ्या तेच समजलो जे गजू इतके महिने समजत होता.

शांताबाईनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. विचारलं, कशी हाक मारत होता, तशी मारून दाखव. गजूनं दाखवली, मधे जीभ टाळ्याला लावून टक् टक् करत. आणि शांताबाई हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. म्हणाली, अरे, रतन आमची वगार! म्हशीचं पारडू रे! भटू लहान असताना नाल्याकडे हरवली होती. हा तिला शोधत फिरला, ती सापडेपर्यंत जेवला नाही.

सोनाली मटकन खाली बसली. हसत होती की रडत होती, मला सांगता यायचं नाही. गजूही हसला. मग त्यानं कपाळ गुडघ्याला टेकवलं, आणि शांताबाई त्याच्या पाठीवर तांदळाचा हात फिरवत होती.

तो बरा झाला असं लिहीत नाही. अजून खाट अंगणातच मागतो, काल शेजारी पत्रा आपटला तर गल्लीच्या टोकापर्यंत पळाला. तुझ्या डॉक्टरबेनकडे त्याला खंड न पाडता ने, आणि त्यांना माझा नमस्कार सांग. भगतांना मी नको म्हणून कळवलं आहे.

शांताबाई माझ्याशी अजून बोलत नाही. ते मला सोसायला हवं. पण काल तिनं गजूला निरोप पाठवून बोलावलं, समोर बसवलं आणि म्हणाली, पुन्हा सांग, पहिल्यापासून. त्यानं सांगितलं. निघताना म्हणाली, दिवाळीला ये, तेव्हा परत ऐकेन.

तुम्हा तिघांवर जीव लावून असलेली,
आक्का