वाल न पेरलेलं खाचर

तरी मला बाहेर काढायला नको होतं बाबा, हे मी अजून म्हणतो. एक-एक गोल होता, आटगावकडच्या पोरांना धाप लागलेली, आणि सिद्धगडाकडच्या गोलात बॉल घालणारा आपल्यात मी एकटाच होतो. तू बांधावरून हात केलास, ये बाहेर. मला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावतोयस. माझ्या जागी तू त्या शाळकरी पोराला घातलंस, ज्याच्या पायातले बूट पण मागून आणलेले, आणि आपण हरलो. गावातली सगळी माणसं बांधावर बसली होती. म्हशाच्या जत्रेला जायचं तर कप घेऊनच, असं ठरवून आली होती.

कुणीतरी ओरडलं, "मॅनेजर बदला रे." दुसरा म्हणाला, "कंपनीच्या टीमला पाणी द्यायचा हा, आमी त्याला मॅनेजर केला. मग दुसरं काय होणार?" माणसं हसली. खोटं नव्हतं ते. मुरबाडच्या कंपनीत तू हेल्पर होतास, खेळणाऱ्यांना पाणी देता देता खेळ शिकलास आणि तोच आम्हाला शिकवलास. त्याआधी आपल्या गावात फुटबॉलला कुणी पाय लावला नव्हता. मी बाटली तोंडाला लावून उभा होतो आणि लोक माझ्याकडे बघत होते. स्वतःच्या पोराला काढला म्हणजे ह्याचं डोकं फिरलंय, असं त्यांना वाटत होतं. तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. बोललो नाही. उलट त्यांच्यात जाऊन बसलो आणि मीही ओरडलो, बदला, बदला. एवढ्या आवाजांत माझा तुला वेगळा कळलाच असणार. तू मागे बघितलं नाहीस. कोपऱ्यावरचे झेंडे उपटून काखेत घेत राहिलास.

ते वाक्य असं होतं. आपल्या गोलकीपरनं सोपा बॉल सोडला, म्हणून तर एक-एक झालं. मी धावत गेलो, त्याची कॉलर धरली आणि त्याच्या बापावरून बोललो. त्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही. तू बघितलंस. मी बाहेर आलो तेव्हा फक्त म्हणालास, "त्याचा बाप जाऊन वर्ष नाय झाला अजून. बस इथं." एवढंच. लोकांनी तोंडावर विचारलं तरी तू कारण सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर सगळे माझ्यावर उलटले असते.

देवळातल्या मीटिंगला तुला बोलावलं नाही. शहापूरचा एक जण टी-शर्ट देतो म्हणाला, त्याला मॅनेजर करायचं ठरलं. मग प्रश्न आला, बॉल आणि पंप तुझ्याकडे, आणायला जाणार कोण? एक जण म्हणाला, "ह्याच्याच घरात हाय ना, हाच आणील." मी उठलो. तू ओटीवर बसला होतास. मी काही बोलायच्या आधीच तू उठून आढ्याला टांगलेली जाळी सोडलीस, बॉल अंगठ्याने दाबून बघितलास. "हवा कमी हाय," म्हणालास, आणि पंप मारत बसलास. मी दारात उभा. आय चुलीपाशी, तिनं माझ्याकडे बघितलं पण नाही.

त्या नव्या मॅनेजरच्या हाताखाली पण आम्ही हरलोच. पण मला सांगायचंय ते पुढच्या वर्षाचं. भात कापून झालं, आयनं वालाचं बी सुपात घेतलं आणि म्हणाली, "अवो, आता तरी टाका वाल त्या खाचरात. काढला ना तुमाला त्यांनी?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ग्राउंड म्हणजे आपलंच खाचर. दरवर्षी सगळ्या गावाच्या खाचरांत वाल हिरवे व्हायचे आणि आपलं ते एक मोकळं असायचं, ते तू पोरांसाठी ठेवायचास. मीटिंगमध्ये ही गोष्ट कुणाला आठवली नव्हती. मलाही नाही. तू म्हणालास, "मग पोरं खेळतील कुठं?" आणि ग्राउंड सपाट करायला कुदळ घेऊन मधला बांध फोडायला गेलास. मॅचला मात्र आला नाहीस. खळ्यावर पाठ करून बसायचास, आणि गलका झाला की आयला विचारायचास, "कोणी मारला गो?"

आता मी इथे आखातात एका मोठ्या स्टेडियममध्ये झाडूच्या कामावर आहे. तू असतास तर गवतच बघत बसला असतास, पायाला काही टोचत नाही. परवा इथली टीम हरली आणि लोकांनी त्यांच्या मॅनेजरवर ओरडायला सुरुवात केली. भाषा कळत नाही, पण हातवारे कळले. पुठ्ठ्यांवर त्याचे फोटो आणि वर लाल काट मारलेली. म्हातारा मान खाली घालून आत गेला. नंतर ते पुठ्ठे आम्हीच गोळा केले. माझ्या जोडीचा बिहारी म्हणाला, "इसका तो काम हो गया भाई." मी पुठ्ठा उलटा करून पिशवीत टाकला.

त्याच आठवड्यात धाकट्याचा फोन आला. म्हणाला, बाबा आता नाही, ह्या वर्षी ग्राउंडात वाल टाकतो, सात हजार तरी सुटतील. गावची पोरं ग्राउंड मागायला येऊन गेली होती, त्यानं परत पाठवली. मी म्हणालो, नको टाकू. तो हसला. "तुझा एवढा जीव कशाला त्यात? तुला तर बाबानंच काढला होता, आख्ख्या गावासमोर." त्याला पण अजून तेच माहीत आहे. आयला पण तेच. हे पत्र कुठे टाकणार, उशीखाली राहील. धाकट्याला तेव्हा फोनवर सांगायचं होतं. परत गप्प बसलो बाबा. एवढंच म्हणालो, खाचर मोकळं ठेव, वालाचे पैसे मी देतो. सात हजार पाठवतोय.