श्वासाची घंटी आम्ही घेणार नाही

वरवट बकाल,
१५ डिसेंबर १९६६

आदरणीय शंकरराव भाऊ यांस दयारामचा सविनय जयभीम.

इकडे तुमची बहीण बेबी, तुमचा दीड महिन्याचा भाचा आणि मी, तिघेही खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? हे पत्र वाचून तुम्ही भांडायला निघाल, म्हणून विचारतो. (या खुशाल. मी बदलणार नाही.)

मलकापूरच्या दुकानातून तुम्ही ती श्वासाची घंटी, पसंत पडली तर ठेवायची नाही तर परत, या बोलीवर मिळवून दिलीत. लेकराच्या छातीला पट्टा बांधायचा, छाती हलायची थांबली की घंटी वाजणार. कल्पना नामी. पण ती बंद करायची कळ कुठे आहे, हे ना दुकानदाराला ठाऊक, ना तुम्हाला. एस.टी. गावाबाहेर पडली आणि माझ्या मांडीवरची थैली वाजली. (थैली श्वास घेत नाही, यंत्राचा दोष नाही.) ड्रायव्हरने गाडी थांबवली. कोणी उतरेना. कंडक्टरने दोन घंट्या मारून गाडी पुढे काढली, तर पुन्हा थैली वाजली, पुन्हा गाडी थांबली. शेवटी तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "मास्तर, थैलीत काय घेऊन राह्यले?" मी म्हटले, लेकराच्या श्वासाचे यंत्र आहे. "मंग लेकरू कुठं हाय?" झाले! सगळी गाडी थैलीकडे पाहू लागली. शेजारच्या बाईने तर आत हात घालून खात्री करून घेतली. नाइलाजाने भर गाडीत सदरा वर करून मी पट्टा माझ्याच पोटाला बांधला. तो पुरेना, म्हणून त्याच बाईने चिंधी जोडून दिली. पुढे सारा रस्ता, जरा डोळा लागला की ती मला ढोसायची, "मोठ्ठा घ्या मास्तर, मोठ्ठा!"

रविवारी दुपारी लेकरू पट्ट्यासह झोपले होते. घंटी वाजली. बेबी पिठाच्या हातांनी धावली, मी आंघोळ सोडून धावलो (कसा, ते लिहीत नाही). पट्टा घसरून पायाशी गेला होता. सुखाने झोपलेले लेकरू त्या आवाजाने दचकले आणि त्याने आळी डोक्यावर घेतली. बेबी कडाडली, "ह्याले उठवाचं यंत्र काऊन आणलं? झोपवाचं आणा!" मी हसलो. ती हसली नाही. आमची पहिली पोर पाळण्यात झोपली ती उठलीच नाही. तिला मातीत ठेवायला तुम्हीच माझ्याबरोबर होता. लेकराला उराशी धरून बेबी किती तरी वेळ त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. घंटी ऐकून तिला काय वाटले, ते मी विचारले नाही. मला वाटले तेवढे पुरे होते.

म्हणून ठणकावून सांगतो, घेणार नाही. अडाणी म्हणा, हट्टी म्हणा. मी पोरांना विज्ञान शिकवतो, मला यंत्राचे वावडे नाही. पण खोट्या घंटीने माझ्या बायकोचा रोज जीव काढायचा, हे कोणते विज्ञान? लेकराचा श्वास पाहायला त्याचे आईबाप जिवंत आहेत. पाळणा अंथरुणाला लावून आम्ही पाळीपाळीने जागतो, आणि कोणाच्या बापाला भीत नाही.

आपला,
दयाराम

ता. क. : जागतो हे खरे, पण काल बेरीज शिकवता शिकवता मी फळ्याला टेकून उभ्यानेच झोपलो आणि एकाही पोराने मला उठवले नाही. तरी तुमच्या आई तानाबाई यांना येत्या गाडीने पाठवा. म्हातारीले स्वतःले झोप नाही अन् ती घराले झोपू देत नाही, अशी तुम्हा सर्वांची तक्रार आहे. आम्हाला असेच माणूस पाहिजे. त्या मला बोलतील, बोलू द्या. जावयाचा मान मी खुंटीला टांगला आहे.

आणखी ता. क. : त्यांच्याबरोबर दोन सेल पाठवा, घंटीतले संपले. घेणार नाही म्हणजे नाहीच. पण परत करायची वस्तू नीट चालते की नाही, हे आणखी थोडे दिवस पाहिले पाहिजे. पट्टा बेबीने जुन्या लुगड्याचा, मऊ शिवून घेतला आहे. आता घसरत नाही.