दुसऱ्या पलटणीत लावलेलं नाव

प्रिय आबा,

तुम्ही जाऊन आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसले ती रागानं. आपल्या वाडीत शाळेसमोर काल दगड बसवला, लढाईला गेलेल्यांची नावं कोरलेला. त्यावर तुमचंही नाव आहे, पण दुसऱ्याच पलटणीखाली!

चीनची लढाई झाली आणि सगळ्यांना एकदम शिपाई आठवले. तुम्ही परत आल्यावर पंधरा वर्षं डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी पिकवलीत, तेव्हा कुणी विचारलं होतं का? आता हारतुरे काय, भाषणं काय! सरपंच धोंडूकाका स्वतः जुने हवालदार. त्यांची पलटण मोठ्या नावाची, अजून उभी आहे. त्यांनी वाडीतल्या अकराही जणांना तिच्याखाली ओळीनं लावून टाकलं.

मी विचारलं तर हसले. म्हणाले, "शांते, आबाला चांगल्या घरात बसवलाय गो! तुमची ती पलटण हाय कुठं आता? आणि त्याच्या डिस्चार्ज बुकात शेवटी आमचीच लिवलेली हाय."

शेवटी! आणि त्याच्या आधी काय तुम्ही झोपला होता?

पहिल्या मोठ्या लढाईत आजोबा तुमच्याच पलटणीतून बसऱ्याला गेले होते. ती लढाई संपली आणि पलटण मोडली. दुसऱ्या लढाईत तीच पुन्हा उभी करतायत असं कानावर आलं, तेव्हा तुम्ही लावणी अर्धी टाकून महाडला भरतीला पळालात. दुसऱ्या पलटणीत जागा देत होते, ती घेतली नाहीत. बापाची पलटण द्या म्हणून दोन दिवस तिथंच बसून राहिलात. आई अजून सांगते, उरलेली लावणी तिनं एकटीनं काढली. त्या पलटणीतून तुम्ही इटलीला गेलात आणि एका सकाळी नदी ओलांडताना तुमच्या सेक्शनमधले सहा जण पाण्यात राहिले. मग लढाई जिंकली आणि पलटण पुन्हा मोडली. उरलेल्यांना इकडेतिकडे वाटून दिलं. धोंडूकाकांच्या पलटणीत तुम्ही काढलंत ते जेमतेम दीड वर्ष, तेही गोदामाच्या पहाऱ्यावर.

ते सहा जण कुठल्या दगडावर आहेत, आबा? मोडलेल्या पलटणीचे मेलेले कुणी सांभाळायचे?

मला हे विचारायचा हक्क नाही, ठाऊक आहे. मी सातवीत असताना तुम्ही म्हणाला होता, "शांते, लिवून घे गो, नदीत राहिलेल्या माझ्या पोरांची नावं. मला आता इसरायला होतंय." चार नावं झाली आणि मी म्हटलं, उद्या लिहू, माझा अभ्यास राहिलाय. तुम्ही पुन्हा कधी म्हणालाच नाहीत. का नाही म्हणालात? एक धपाटा घालून बसवायचंत मला! आज मी महाडला दुसऱ्यांच्या मुलींना लिहायला शिकवते आणि त्या सहांतली दोन नावं मला ठाऊक नाहीत.

आज सकाळी पुन्हा दगडापाशी गेले. पाथरवट कडेची नक्षी करत होता. धोंडूकाकांना म्हटलं, आबांची पलटण वेगळी कोरा, एकच ओळ लागेल.

"एका माणसासाठी वेगळी पलटण? दगड काय रबर हाय ताणायला? पटत नसंल तर नाव काढतो."

त्यांना वाटलं, मी गप्प बसेन. कारण आई शेजारीच उभी होती. काल तिनं तुमच्या नावाला हळदकुंकू लावलं होतं. तिला वाचता येत नाही, म्हणून दोनदा माझ्याकडून अक्षरं बोटानं दाखवून घेतली होती. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा हसली होती, आबा. ते मी कसं काढून घेणार?

आईनं पदर खोचला.

"काढा," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरचा म्हणवून ते कधी जेवाय बसलं नाय. आता मेल्यावर बसवताय?"

धोंडूकाका म्हणाले, "वहिनी, मी मान दिला..."

"तुमचा मान तुम्हाला. त्यांनी तो मागितला नव्हता."

पाथरवटानं छिन्नी लावली. तुमचं नाव जायला थोडाच वेळ लागला. आई शेवटपर्यंत हलली नाही, आणि मग घरापर्यंत रडत आली. मीही रडले. बरं केलं की वाईट, हे तुम्हीच सांगायला हवं होतं.

एवढं मात्र वचन देते. तुमची पलटण वर कोरल्याशिवाय तुमचं नाव मी कुठल्याही दगडावर चढू देणार नाही, धोंडूकाका घरी येऊन हात जोडोत, नाहीतर साहेब येवोत. त्या ओळीत आता एक सोललेली जागा आहे. ती कुणी सोलली असं पुढे कुणी विचारलं, तर सांगेन, त्यांच्या बायकोनं आणि मुलीनं.

तुमचीच,
शांता